आधी आपली फाइल मागवा: ऑनलाइन प्लॅटफॉर्मकडे गेलेली माहिती बघायची कशी आणि आवरायची कशी

एका सोशल मीडिया खात्यातून मी माझीच माहिती मागवली होती. काही तासांनी ईमेल आला, त्यातल्या लिंकवरून झिप फाइल उतरवून घेतली आणि उघडली. फोटो, मेसेज, लाइक, कमेंट हे असणारच होतं. 'कॉन्टॅक्ट्स' नावाच्या फोल्डरपाशी मात्र मी थांबलो. माझ्या फोनमधले सगळे नंबर तिथं होते, आणि मी ज्या नावांनी साठवले होते त्याच नावांनी: 'आत्या नवा नंबर', 'डॉक्टर त्वचेचे', 'घरमालक जुने'. आत्यानं त्या प्लॅटफॉर्मवर कधीच खातं उघडलं नव्हतं. तिला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिचा नंबर तिथं पोचवणारा मीच. कधीतरी 'मित्र शोधा' अशा बटणावर बोट ठेवलं असणार, आणि पुढची कित्येक वर्षं फोनमधला प्रत्येक नवा नंबर आपोआप तिकडे जात राहिला.

तेव्हापासून कुणी विचारलं की प्रायव्हसीच्या सेटिंग कुठून सुरू करू, तर मी सांगतो, सेटिंग नंतर. आधी फाइल मागव. काय काय गेलंय ते डोळ्यांनी बघितलं की कुठला नळ आधी बंद करायचा हे आपलं आपल्याला कळतं. आणखी एक गोष्टही तिथंच कळते. 'माझी माहिती' म्हणून आपण जे देतो, त्यात दुसऱ्या माणसांचा वाटा फार मोठा असतो.

पुढचं सगळं काम एका बैठकीत होणार नाही. पहिल्या दिवशी फाइल मागवा, आल्यावर वाचा, मग फोन आणि ब्राउझर आवरा आणि शेवटी खात्यांकडे वळा.

माहिती जाते तीन वाटांनी

पहिली वाट सगळ्यांना माहीत असते. नाव, जन्मतारीख, फोन नंबर, फोटो, पोस्ट. हे आपण स्वतःच्या हातानं भरतो.

दुसरी वाट म्हणजे आपल्याकडे बघून टिपलेली माहिती. कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलात, कुठून पुढे सरकलात, किती वाजता ॲप उघडलं, कुठल्या वाय-फायवर होतात, फोन कुठल्या मॉडेलचा. यातलं काहीही तुम्ही टाइप केलेलं नसतं.

तिसरी वाट ताडून काढलेल्या माहितीची. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हिचीच. रात्री फोन जिथं स्थिर असतो ते घर. दिवसा जिथं असतो ते कामाचं ठिकाण. दोन फोन रोज रात्री एकाच ठिकाणी असले तर ती माणसं एकत्र राहतात. एक दिवस त्यातला एक फोन तिथं यायचा बंद झाला, तर त्यावरूनही अंदाज बांधता येतो. हे अंदाज चुकू शकतात, आणि चुकले तरी आपल्याला कुणी विचारायला येत नाही. चुकीच्या अंदाजावर बेतलेली जाहिरात दिसली तर फारसं बिघडत नाही. कर्ज, विमा किंवा नोकरीचा निर्णय तशा अंदाजावर झाला, तर मात्र बिघडतं.

'आम्ही नाव काढून टाकतो, माहिती निनावी असते' हे वाक्य बऱ्याच धोरणांमध्ये सापडेल. लतान्या स्वीनी या संशोधिकेनं २००० साली दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिन कोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येण्याची शक्यता असते. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर एक अभ्यास झाला. कोणत्या वेळी कुठे, असे फक्त चार बिंदू हाती असले की ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढता येत होती. माणसाच्या जाण्यायेण्याला नाव जोडावं लागत नाही, जाणंयेणं हीच त्याची ओळख असते.

इथं एक समज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोक भलत्याच ठिकाणी कुलूप लावतात. 'आम्ही बोललो आणि लगेच जाहिरात आली, म्हणजे फोन ऐकतो' असं सर्रास म्हटलं जातं. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप आवाज टिपून बाहेर पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही ॲप वापरणाऱ्याला न सांगता स्क्रीनवरच्या हालचालींची चित्रं बाहेरच्या कंपन्यांना पाठवत होती. ऐकण्याची गरजच पडत नाही. तुमच्यासमोर बसलेल्या मैत्रिणीनं काल ती वस्तू शोधलेली असते, आज तुमचे दोघींचे फोन एकाच वाय-फायवर असतात, आणि जाहिरात यंत्रणेला तेवढं पुरेसं असतं.

पायरी १: फाइल मागवा

गूगलची सोय २०११ पासून आहे, तिचं नाव 'टेकआउट'. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी 'अकाउंट्स सेंटर'मध्ये जाऊन 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' उघडा, तिथं माहिती उतरवण्याचा पर्याय मिळेल. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्जच्या 'अकाउंट' भागात 'रिक्वेस्ट अकाउंट इन्फो' आहे. ॲपल आणि ॲमेझॉनकडेही अशीच सोय आहे. पर्यायांची नावं अधूनमधून बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'डाउनलोड' किंवा 'डेटा' टाकून बघा.

मागवताना तीन गोष्टी सांभाळा. फाइलचा प्रकार विचारला तर एचटीएमएल निवडा. जेसॉन हा दुसरा प्रकार संगणकाच्या सोयीचा असतो, तो उघडला की नुसत्या कंसांचं जंगल दिसतं. कालावधी विचारला तर 'ऑल टाइम' घ्या, कारण जुनं विसरलेलंच जास्त महत्त्वाचं असतं. आणि ही फाइल ऑफिसच्या किंवा सामायिक संगणकावर अजिबात उतरवू नका. तुमचं अख्खं आयुष्य एका झिपमध्ये बांधलेलं असतं. वाचून झाली की पुसा आणि रीसायकल बिनमधूनही काढा. आलेली लिंक काही दिवसांतच निकामी होते, तेव्हा ईमेलवर लक्ष ठेवा.

पायरी २: फाइल वाचा, पण या क्रमानं

सगळं वाचायला बसलात तर पहिल्या तासातच कंटाळाल. मी आधी जाहिरातींचा फोल्डर उघडतो. फेसबुकच्या फाइलमध्ये तुमची माहिती असलेली यादी वापरणाऱ्या जाहिरातदारांची नावं असतात. कित्येक नावं तुम्ही जन्मात ऐकलेली नसतील. ती तिथं कशी आली, हे कळणं फार गरजेचं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

समजा, तुम्ही एका विक्रेत्याकडून काही घेतलं आणि पावतीसाठी ईमेल दिला. विक्रेता आपल्या ग्राहकांची यादी प्लॅटफॉर्मवर चढवतो: 'या माणसांना माझी जाहिरात दाखवा.' चढवताना पत्ते उघडे जात नाहीत. एका गणिती सूत्रानं प्रत्येक पत्त्याची अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ केली जाते, तिला हॅश म्हणतात. त्या ओळीवरून मूळ पत्ता थेट उलगडत नाही, म्हणून 'माहिती सुरक्षित आहे' असं सांगितलं जातं. पण तोच पत्ता त्याच सूत्रात घातला की दरवेळी हुबेहूब तीच ओळ येते. प्लॅटफॉर्मकडे तुमचा पत्ता आधीपासून असतोच. तो स्वतःकडच्या पत्त्यांच्या ओळी काढतो, दोन्ही याद्या समोरासमोर ठेवतो, जुळल्या की तुम्ही सापडलात. हॅश केल्यानं माहिती निनावी होत नाही, हे अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनंही २०२४ मध्ये स्पष्ट शब्दांत बजावलं आहे. सगळीकडे एकच ईमेल पत्ता देणं का महागात पडतं, ते यावरून लक्षात येईल. पायरी ६ मध्ये त्यावरचा उपाय आहे.

मग 'ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' किंवा तशा नावाचा भाग बघा. मेटा म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणारी कंपनी. इतर संकेतस्थळांनी आणि ॲपनी तुमच्याबद्दल तिला काय कळवलं, ते तिथं असतं. बघितलं, शोधलं, टोपलीत टाकलं, विकत घेतलं, तारखेसह. फेसबुक उघडलेलं नसतानाही या नोंदी होतात, कारण त्या संकेतस्थळांच्या पानांत 'पिक्सेल' नावाचा छोटा कोड बसवलेला असतो.

त्यानंतर 'कॉन्टॅक्ट्स'. आणि शेवटी लॉगिनच्या नोंदी. त्यात अनोळखी उपकरण किंवा कधीच न गेलेलं गाव दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी पासवर्ड बदला.

वाचताना एका कागदावर दोनच रकाने करा: 'हे मला चालेल' आणि 'हे चालणार नाही'. मला माझी जुनी गाण्यांची यादी कुणाकडे असली तरी चालते. दवाखान्याच्या वेळा शोधल्याच्या नोंदी चालत नाहीत. तुमचा कागद माझ्यापेक्षा वेगळा असेल, आणि पुढच्या पायऱ्या त्या कागदाकडे बघूनच करायच्या.

पायरी ३: फोनचा जाहिरात क्रमांक काढून टाका

सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फायदा इथं आहे. प्रत्येक स्मार्टफोनला जाहिरातींसाठी एक वेगळा ओळखक्रमांक असतो. हवामानाचं ॲप, खेळ, बातम्या यांचा एकमेकांशी काही संबंध नसला, तरी तिघांना हाच क्रमांक मिळाला की तिन्हींकडची माहिती एका माणसाच्या नावावर जोडता येते.

ही जोडणी कुठे उपयोगी पडते, तर लिलावात. ॲपमध्ये जाहिरातीची जागा उघडते त्या क्षणी एक विनंती जाहिरात बाजारात जाते. तिच्यात हा क्रमांक, फोनचा प्रकार, अंदाजे ठिकाण आणि तुम्ही काय बघताय याची कल्पना असते. अनेक कंपन्या ती विनंती बघतात, बोली लावतात, आणि पापणी लवते न लवते तोच एकीची जाहिरात तुमच्यासमोर येते. बोली हरलेल्यांनाही ती विनंती मिळालेली असते, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जाहिरात एकाची दिसते, तुम्ही दिसता सगळ्यांना.

अँड्रॉइडवर: सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग ॲड्स, तिथं 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. काही फोनमध्ये हा पर्याय 'गूगल' नावाच्या विभागात असतो.

आयफोनवर: सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'ट्रॅकिंग'. तिथलं 'अलाउ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद करा. ॲपलनं एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ पासून ॲपला आधी विचारणं सक्तीचं केलं. हे बटण बंद केलं की कुणी विचारतही नाही, उत्तर आपोआप 'नाही' जातं. एक पाऊल मागे, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'च्या पानाच्या तळाशी 'ॲपल ॲडव्हर्टायझिंग' आहे, तेही बघून घ्या.

पायरी ४: परवानग्या, आणि त्यातही कॉन्टॅक्ट्स

परवानग्यांचा आढावा घ्यायला अँड्रॉइड १२ पासून 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' आहे, आयफोनवर 'ॲप प्रायव्हसी रिपोर्ट'. कुठल्या ॲपनं केव्हा लोकेशन, कॅमेरा, मायक्रोफोन वापरला ते दोन्हीकडे वेळेनुसार दिसतं. आयफोनचा रिपोर्ट आधी चालू करावा लागतो, म्हणून आज चालू करा आणि आठवड्यानं वाचा.

लोकेशनच्या बाबतीत बहुतेक ॲपना 'वापरताना फक्त' एवढी परवानगी पुरते. 'ऑल्वेज' कुणाला दिलंय ते शोधा आणि काढा. हवामान सांगणाऱ्या ॲपला तुमचा मजला कळायची गरज नसते, 'प्रिसाइज लोकेशन' बंद करून साधारण परिसर दिला तरी त्याचं भागतं. एकेकटी निरुपद्रवी वाटणारी माहिती एकत्र आली की काय होतं, याचं एक ठळक उदाहरण आहे. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपनं धावण्याच्या, सायकलिंगच्या मार्गांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड भागांत उजळलेल्या काही वाटा लष्करी तळांच्या आहेत. सैनिक रोज ठरलेल्या वाटेनं धावत होते, एवढंच.

आरोग्याच्या ॲपकडे जास्त बारकाईनं बघा. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या ॲपविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशननं तक्रार केली होती. वापरणाऱ्यांना खासगीपणाचं वचन देऊन आरोग्याची माहिती फेसबुक आणि गूगलसह इतर कंपन्यांच्या विश्लेषण सेवांना दिली, असा आरोप होता. २०२१ मध्ये ते प्रकरण तडजोडीनं मिटलं. डॉक्टरांना सांगितलेल्या गोष्टीला गोपनीयतेचं जे संरक्षण असतं, ते ॲपमध्ये भरलेल्या गोष्टीला असेलच असं धरून चालू नका.

फोटोंसाठी 'निवडलेलेच फोटो' हा पर्याय आता दोन्हीकडे आहे, तो वापरा. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठं काढला याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. घरातल्या वस्तूचा फोटो विक्रीसाठी टाकताना किंवा मुलांचा फोटो पाठवताना ठिकाण काढून पाठवा. आयफोनवर शेअर करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये ते बटण असतं.

आता कॉन्टॅक्ट्स. माझा आग्रह सगळ्यात जास्त इथं आहे. मायक्रोफोनची परवानगी दिली तर तुम्ही स्वतःपुरता धोका पत्करता. कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली तर शेकडो माणसांच्या वतीनं 'हो' म्हणता, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यात एखादी बाई असेल जिनं नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून नंबर बदललाय. 'डॉक्टर' म्हणून साठवलेला नंबर तुमच्या आजाराबद्दल सांगतो, 'वकील घटस्फोट' म्हणून साठवलेला तुमच्या घराबद्दल. त्या यादीवरूनच प्लॅटफॉर्म माणसामाणसांतली नाती जोडतात, आणि खातं नसलेला माणूसही त्या जाळ्यात एक बिंदू म्हणून येतो.

काम दोन भागांत करावं लागतं, आणि बहुतेक जण पहिल्यावर थांबतात. पहिला भाग फोनमध्ये: सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागात 'कॉन्टॅक्ट्स' उघडा आणि फोन लावणं किंवा मेसेज पाठवणं हे ज्यांचं कामच नाही अशा सगळ्या ॲपची परवानगी काढा. यानं पुढचं जाणं थांबतं, आधी गेलेलं तिथंच राहतं. म्हणून दुसरा भाग प्लॅटफॉर्मवर: 'अपलोडेड कॉन्टॅक्ट्स', 'सिंक कॉन्टॅक्ट्स', 'इम्पोर्टेड कॉन्टॅक्ट्स' अशा नावानं एक पान असतं, तिथं जाऊन 'डिलीट ऑल' करा. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी तिथून पुसलं आणि फोनमधली परवानगी तशीच राहिली, तर पुढच्या वेळी ॲप उघडताच यादी पुन्हा चढते. माझं पहिल्या खेपेला असंच झालं होतं.

पायरी ५: ब्राउझर

कुकी म्हणजे संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवतं ती छोटी नोंद. ती १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी आणली. संकेतस्थळाला तुमची टोपली, तुमचं लॉगिन लक्षात राहावं हा तिचा साधा हेतू. तेवढ्यापुरती ती आजही आवश्यक आहे. त्रास आहे तो त्रयस्थ कुकींचा. तुम्ही ज्या पानावर गेलात त्याची ती नसतेच. पानात जाहिरात किंवा पिक्सेल बसवणाऱ्या तिसऱ्या कंपनीची असते, आणि तीच कंपनी हजारो पानांवर तुम्हाला भेटते.

सफारीनं मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगवेगळ्या डब्यांत ठेवायला सुरुवात केली. गूगलनं क्रोममधून त्या हटवण्याची घोषणा २०२० मध्ये केली आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. म्हणजे क्रोम वापरत असाल तर हे तुम्हालाच करावं लागेल: सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'थर्ड-पार्टी कुकीज', 'ब्लॉक'. शक्य असेल तर फायरफॉक्सवर जा आणि त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती आणि माग काढणारे कोड अडवणारं एकच एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी भर, घाला. मी बरीच वर्षं हेच वापरतो आणि बहुतेकांना एवढं पुरतं.

एकच का, तर पाच-सहा एक्स्टेंशन लादलेला ब्राउझर इतरांपेक्षा वेगळा दिसतो. पडद्याचा आकार, फाँट, भाषा, टाइम झोन, ग्राफिक्सची पद्धत या सगळ्यांची गोळाबेरीज करून ब्राउझर ओळखता येतो, कुकी नसली तरी. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं २०१० मध्ये चाचणी घेतली तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझरची अशी ठेवण एकमेव निघाली. 'कव्हर युअर ट्रॅक्स' नावानं त्यांची चाचणी आजही उपलब्ध आहे, दोन मिनिटांत तुमचा ब्राउझर तपासता येतो.

इनकॉग्निटो, म्हणजे इतिहास न साठवणाऱ्या खासगी खिडकीच्या पर्यायाबद्दल थोडक्यात: तो घरातल्या माणसांपासून इतिहास लपवतो. संकेतस्थळापासून, इंटरनेट पुरवणाऱ्यापासून नाही.

पायरी ६: खात्यांची आवराआवर

गूगलमध्ये 'माय ॲक्टिव्हिटी' उघडा. 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी'ला 'ऑटो-डिलीट' लावा: ३, १८ किंवा ३६ महिने. मी ३ ठेवलंय. नाव फसवं आहे, म्हणून बजावून सांगतो, ठिकाणाच्या नोंदीही इथं असू शकतात. 'लोकेशन हिस्टरी' बंद केली तरी या दुसऱ्या सेटिंगमधून ठिकाण साठवलं जात होतं, हे २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं उघडकीला आणलं. त्या प्रकरणात गूगलनं २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. दोन्ही बटणं बघा, एकावर विसंबू नका.

मेटाच्या खात्यात बाहेरून आलेल्या नोंदी 'क्लिअर' करा आणि पुढच्या नोंदी तुमच्या खात्याला जोडू नयेत असा पर्याय निवडा. नोंदी मेटाकडे येणं यानं थांबत नाही, तुमच्या खात्याशी त्यांची गाठ सुटते.

मग 'जोडलेली ॲप' तपासा, म्हणजे 'फेसबुकनं लॉगिन करा', 'गूगलनं लॉगिन करा' असं म्हणून ज्यांना आत घेतलं ती. केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीचं प्रकरण अशाच एका प्रश्नमंजुषेच्या ॲपमधून घडलं. ॲप घेतलं होतं सुमारे ३ लाख लोकांनी. फेसबुकच्याच २०१८ मधल्या हिशेबानुसार माहिती गेली ती ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण ॲपला मित्रांचीही माहिती घेता येत होती. त्या कोट्यवधी लोकांनी कसलीच परवानगी दिली नव्हती. वर्षभरात न वापरलेली सगळी जोडणी तोडा.

फोन नंबर मागितला तर देण्यापूर्वी विचार करा. ट्विटरनं खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिरातींसाठी वापरले, आणि त्याबद्दल २०२२ मध्ये १५ कोटी डॉलरचा दंड भरला. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक कोड मागणं, जरूर लावा, पण शक्य तिथं एसएमएसऐवजी तो कोड फोनमध्येच बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप घ्या. ईमेलसाठी उपनाव वापरा: ॲपलचं 'हाइड माय ईमेल' किंवा फायरफॉक्सचं 'रिले' दर ठिकाणी वेगळा पत्ता बनवून देतं आणि टपाल तुमच्याच पेटीत येतं. मघाशी सांगितलेली याद्यांची जुळवाजुळव मग जमत नाही. वरून कुठल्या पत्त्यावर कचरा येतोय यावरून पत्ता कुणी फोडला तेही कळतं.

लिंक्डइनसारख्या प्लॅटफॉर्मवर 'जनरेटिव्ह एआय'साठी माहिती वापरण्याचं वेगळं बटण आहे आणि बऱ्याच ठिकाणी ते आधीपासून चालू असतं. चॅटबॉटच्या सेटिंग्जमध्येही बघा.

पायरी ७: पुसायला सांगा, लेखी

ॲप फोनमधून काढलं म्हणजे खातं बंद झालं असं नाही. 'डीॲक्टिव्हेट' केलं तरी नाही. 'डिलीट अकाउंट' शोधावं लागतं. फेसबुकवर त्यानंतरही ३० दिवस मन बदलायला मिळतात, आणि सगळं पुसलं जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. त्या ३० दिवसांत चुकूनही लॉगिन करू नका.

जिथं बटण नाही तिथं पत्र. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला. त्याखाली कंपनीला साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने मिळतात. त्यानंतर कॅलिफोर्निया, ब्राझील, भारत अशा अनेक ठिकाणी कायदे झाले, मुदती आणि हक्क थोडे वेगवेगळे आहेत. तुमच्या देशात काहीही असलं तरी पत्र पाठवा. जगभर चालणाऱ्या कंपन्यांकडे ही विनंती हाताळायची यंत्रणा तयार असते. प्रायव्हसी धोरणाच्या तळाशी पत्ता मिळतो. मी असं लिहितो:

'माझं खातं या ईमेल पत्त्यावर नोंदवलेलं आहे. माझ्याबद्दल आपल्याकडे असलेल्या सर्व वैयक्तिक माहितीची प्रत मला द्यावी. ती कुठून मिळाली, कोणत्या कारणासाठी वापरली, कोणाकोणाला दिली आणि किती काळ ठेवली जाणार आहे, हेही कळवावं. माझ्याबद्दल काढलेले अंदाज आणि मला ज्या गटांत घातलं आहे त्यांची नावं या प्रतीत असावीत. माझी माहिती थेट जाहिरातींसाठी वापरणं आजपासून बंद करावं. हे पत्र मिळाल्याची तारीख कळवावी.'

अंदाजांचा उल्लेख आवर्जून ठेवा, नाहीतर तुम्ही स्वतः भरलेलंच तुम्हाला परत पाठवतात. पुसण्याची मागणी या पत्रात करू नका. प्रत हातात आली, वाचून झाली, की दुसऱ्या पत्रात करा. आधी पुसायला सांगितलं तर त्यांच्याकडे काय काय साठलं होतं ते कधीच कळणार नाही. पत्र नोंदवलेल्याच ईमेलवरून पाठवा, म्हणजे ओळख पटते. त्यावरही ओळखपत्राची प्रत मागितली तर ती का लागते ते विचारा. द्यावीच लागली, तर फोटो आणि क्रमांक झाकून चालेल का ते विचारा.

सहा महिन्यांनी

ॲप अद्ययावत झाली की नवी बटणं येतात, तीही आधीच चालू केलेली. त्यामुळे मी कॅलेंडरमध्ये सहा महिन्यांची आठवण लावून ठेवली आहे: फाइल पुन्हा मागवायची, जाहिरातदारांची यादी आणि कॉन्टॅक्ट्स एवढेच दोन फोल्डर उघडायचे.

दुसऱ्या खेपेला माझा कॉन्टॅक्ट्सचा फोल्डर रिकामा निघाला. मग आठवलं, आत्याचा तोच नंबर भावाच्या फोनमध्येही आहे, बहुधा 'आत्या' एवढ्याच नावानं, आणि त्याच्या फोनवर तेच ॲप आहे. फोन करून सांगितलं तर तो आधी हसला. रविवारी त्याच्याकडे गेलो, शेजारी बसलो आणि त्यालाच त्याची फाइल मागवायला लावली. चहा होईपर्यंत आली नाही, संध्याकाळी आली. त्याच्या यादीत ११४० नंबर होते. आत्याचा होता, आमच्या आईचा होता, आणि माझे तीन होते, त्यातले दोन मी कधीच बंद केलेले. परवानगी त्यानं आधी फोनमधून काढली, मग तिकडून यादी पुसली.